होडीचं दावं

बैल कसा बांधावा, हे सूस गावात कुणाला शिकवायला नको. दावं आखूड झालं, तर बैलाला बसता येत नाही. लांब झालं, तर तो शेजाऱ्याच्या कडब्यात तोंड घालतो.

होडीचंही तसंच आहे. पण बैलाच्या पायाखालची जमीन हलत नाही. होडीखालचं पाणी चढतं आणि उतरतं.

आपल्या तालुक्यातलं मुळशीचं धरण पाहा. पावसाळ्यात ते भरतं. मग ते पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला जातं. तिथं त्यावर वीज तयार होते. उन्हाळ्यापर्यंत धरणाचं पाणी खूप खाली जातं. अशा वेळी कुणी काठच्या चिखलात खुंटी ठोकली आणि आखूड दोरानं होडी बांधली. पुढं पाऊस लागला. पाणी चढलं, खुंटी बुडाली. होडी वर यायला बघते, दोर तिचं तोंड खाली ओढतो. मग होडीत पाणी शिरतं. नाहीतर खुंटी उपटते आणि होडी वाहत जाते. म्हणून दोर लांब घ्यावा आणि काठावर उंच असलेल्या झाडाला बांधावा.

धरणाला ज्याला महिने लागतात, ते समुद्र सहा तासांत करतो. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पुरी ओहोटी होते. मुंबईला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी १५ फुटांपर्यंत उतरतं. भरतीला आखूड दोरानं धक्क्याला बांधलेली होडी ओहोटीत दोराला लटकते. दोर तुटतो, नाहीतर होडी कलंडते.

मग दोर १५ फूट ढिला सोडावा काय? छे! भरतीला होडी इकडंतिकडं फिरेल आणि दगडावर आपटेल.

यावर युक्ती आहे. दोर अगदी समोरच्या खुंटाला बांधू नये. पुढचा दोर ३० फूट पुढच्या खुंटाला बांधावा, मागचा तेवढाच मागच्या खुंटाला. आता पाणी १५ फूट उतरलं, तरी प्रत्येक दोराला साडेतीन फूट ढील पुरते. खरं वाटत नसेल, तर सुतळी घेऊन अंगणात मोजून पाहा.

होडी आणि धक्का यांच्यामध्ये जुने टायर टांगावेत. दोर दगडाच्या कडेला घासत असेल, तिथं त्याला गोणपाट गुंडाळावं. घासलेला दोर नेमका वादळात तुटतो.

आणि हात जपा, बरं का! दोर हाताला कधी गुंडाळू नका. लाटेनं होडी मागं ओढली, की बोटं जातात. धक्क्याला येणारी होडी पायानं अडवू नका. त्यासाठी बांबू घ्या.