केळं, टॅब आणि नोट्स

जळगाव जिल्ह्यातल्या यावलच्या एखाद्या वर्गात टॅबचा पेन हरवला तर फार शोधाशोध करू नका. डब्यातलं केळं काढा आणि सालीसकट स्क्रीनवर टेकवा. रेघ उमटते! आजच्या टॅबची काच दाब ओळखत नाही, विजेचा भार ओळखते. काचेखाली सूक्ष्म विद्युतक्षेत्र असतं. बोट टेकलं की तेवढ्याच जागी ते बदलतं आणि टॅबला पत्ता लागतो. बोटात पाणी आणि क्षार असतात, केळ्यातही तेच. प्लास्टिकच्या टोपणात यातलं काहीच नाही, म्हणून ते कितीही घासलं तरी टॅब ढिम्म. २०१०च्या कडाक्याच्या थंडीत दक्षिण कोरियातले लोक हातमोजे न काढता फोन चालवायला चक्क सॉसेज वापरायचे. जळगावच्या केळीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. आपण कशाला मागे राहायचं?

सरकारी ‘आकाश’ टॅब आठवतोय? ५ ऑक्टोबर २०११ला मोठा गाजावाजा करून आला होता. त्याची काच मात्र दाबाची होती. तिच्यावर नख चाले, टोपण चाले; पिकलं केळं दाबता दाबता चिरडलंच असतं.

आता कामाचं. मराठीला बारीक टोक लागतं. अनुस्वार, रफार, उकार हे सगळं शिरोरेषेच्या वर-खाली नेमक्या जागी बसलं पाहिजे. रबरी गोळ्याचा स्वस्त पेन घेतला की रफार एका अक्षराचा आणि बसतो दुसऱ्याच्या डोक्यावर. शिवाय लिहिताना तळहात काचेवर टेकतो आणि पानभर भलत्याच रेघोट्या उठतात. त्यावर इलाज घरातच आहे: जुना जाड सुती मोजा घ्या, त्याचा तुकडा कापून करंगळीच्या बाजूने तळहातावर चढवा. मध्ये कोरडं जाड कापड आलं की काचेला हात जाणवत नाही. टॅबवर चित्रं काढणारे कलाकार याच कामासाठी खास हातमोजे विकत घेतात.

पस्तीस अंश? कुठे?

आयपॅड ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरा, असं खुद्द अ‍ॅपल कंपनी सांगते. हे आमच्या मे महिन्याला कोण सांगणार! जळगाव जिल्ह्यात पारा पंचेचाळीसला टेकला तरी कोणी दचकत नाही. टॅब मात्र दचकतो. आधी स्क्रीन मंद होते, मग इशारा येतो आणि शेवटी तो काम थांबवतो. उन्हाळ्यातली सकाळची शाळा त्याला मानवते. चार्जिंग पहाटे किंवा रात्री करा, तेव्हा जाड कव्हर काढून ठेवा, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्याला अजिबात सोडू नका. तापला म्हणून फ्रिजमध्ये ठेवणारे महाभागही असतात. तसं केलं तर आत दव धरतं आणि टॅब कायमचा गार होतो.

खान्देशातल्या दोन नोट्स

नोट्स म्हटलं की आपल्याला फळ्यावरचं उतरवणं आठवतं. पण मराठीतल्या बहुधा सगळ्यात गाजलेल्या नोट्स निघाल्या धुळ्याच्या तुरुंगात. १९३२ साली विनोबा भावे तिथे कैदेत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, अशी गीतेवर अठरा प्रवचनं त्यांनी दिली. समोर बसून ती भराभर टिपून घेत होते साने गुरुजी. ध्वनिमुद्रण नाही, ‘सर, परत सांगा ना’ नाही. त्याच टिपणांतून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. अंमळनेरच्या शाळेत शिकवताना हेच गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिकही काढत.

दुसऱ्या नोट्स घरातल्याच. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या ओव्या रचत, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक आप्त त्या उतरवून घेत. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, १९५२ साली संग्रह निघाला, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. कुणीतरी वेळेवर टिपून ठेवलं म्हणून हे उरलं.

गुगलने २०१७ साली मराठी बोलून टंकायची सोय केली. आता आजी बोलते आणि नातू टॅब पुढे धरतो, हे घराघरात जमण्यासारखं आहे. परिसर अभ्यासाच्या प्रकल्पाला याहून सोपी गोष्ट नाही: आजीला केळीची लागवड पूर्वी कशी व्हायची ते विचारा, आणि ती बोलताना पडद्यावर अक्षरं कशी उमटतात ते बघा. मात्र टॅब शिकलाय प्रमाण मराठी. इकडची लेवा गणबोली किंवा तडवी बोली ऐकून तो जे काही छापतो, त्यावर वर्गाचा एक तास हसण्यात सहज जातो. म्हणून मूळ आवाजही जपून ठेवा. चुकलेले शब्द मुलांनीच ऐकून दुरुस्त केले तर तो भाषेचा चांगला तास होतो.

टंकायचंच असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक बघा. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती गोल चक्र उघडतं: का, कि, की, कु, कू… हवं तिकडे बोट सरकवायचं. ज्याला बाराखडी येते त्याला वेगळं काही शिकावं लागत नाही. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची सवय लागलेल्या मोठ्यांनाच जरा जड जातं.

फोटो काढला, धडा विसरला

फळा भरला की मुलं टॅब उचलतात आणि खटाखट फोटो काढतात. झाल्या नोट्स! इथे थांबायला हवं. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठाच्या लिंडा हेन्केल यांनी एका संग्रहालयात विद्यार्थ्यांना फिरवलं. ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या मुलांना कमी आठवल्या, नुसत्या पाहिलेल्या जास्त. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. पण खरी मेख पुढे आहे. ज्या वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढला, तिची आठवण शाबूत राहिली. म्हणजे अख्ख्या फळ्याचा फोटो नको, न कळलेल्या पायरीचा काढा. आणि त्याच फोटोवर पेनाने गोल करून लिहा, ‘हे कुठून आलं?’ उद्याच्या तासाला विचारायचा प्रश्न तयार.

नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या संशोधकांनी ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ इलेक्ट्रोडांची टोपी चढवली आणि शब्द लिहायला लावले, एकदा हाताने, एकदा टंकून. हाताने लिहिताना मेंदूचे निरनिराळे भाग एकमेकांशी कितीतरी जास्त बोलत होते. २०२४च्या जानेवारीत हे छापून आलं आणि ‘बघा, वहीच बरी’ म्हणून घरोघरी फिरलं. फिरवणाऱ्यांनी एक ओळ वाचली नव्हती. त्या प्रयोगात कागद नव्हताच. मुलं डिजिटल पेनाने स्क्रीनवर लिहीत होती! आणि टंकताना त्यांना एकच बोट वापरायची मुभा होती, तेव्हा निकाल फार ताणण्यात अर्थ नाही. टॅब विरुद्ध वही या भांडणाचा निकाल तर त्यात नाहीच. टॅब घेणाऱ्या शाळेने खरी चौकशी करायची ती पेनाची.

दप्तराची पत्रकार परिषद

ऑगस्ट २०१६. चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेतली. विषय: आमचं दप्तर पाच ते सात किलोचं आहे! पत्रकारांपुढे नेत्यांनाही बोलायला सुचत नाही, आणि ही पोरं मुद्देसूद बोलली.

ओझ्यावर उपाय म्हणून २०२३-२४पासून राज्याने पाठ्यपुस्तकांचे चार भाग केले आणि धड्यांमागे कोरी पानं घातली. वर छापलेलं, ‘माझी नोंद’. कल्पना झकास होती. शब्दार्थ, शंका, चित्र, जे सुचेल ते तिथेच लिहायचं. प्रत्यक्षात मुलं पुस्तकंही नेत राहिली आणि वह्याही, आणि २०२५च्या जानेवारीत सरकारने ती पानं मागे घेतली. नोंद करायची कशी, हे कुणी शिकवलंच नव्हतं, असं माझं मत. कोरं पान टॅबमध्ये दिलं तरी हेच होणार.

तसा टॅबच्या पूर्वजाचा मान आपल्याकडे रायगडातल्या एका वाडीचा. २००७ साली खैराटच्या छोट्याशा एकशिक्षकी शाळेत ‘एका मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. हिरव्या-पांढऱ्या त्या यंत्राचा पडदा फिरवून आडवा केला की पुस्तक तयार, आणि भर उन्हातही ते वाचता येई. हा गुण आजच्या चकचकीत टॅबांत शोधून सापडत नाही.

सहा जीबीचं करायचं काय?

‘महाज्योती’ ही राज्य सरकारची नागपूरची संस्था. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना ती टॅब देते आणि सोबत रोज ६ जीबी इंटरनेट. आता हिशोब करा. संगणकात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. तरीही टंकलेलं मराठी एक पान जेमतेम ५ केबीचं भरतं. फळ्याचा एक फोटो ३ एमबीचा धरला तर त्याच जागेत अशी सहाशे पानं मावतात, आणि त्यातला हवा तो शब्द शोधता येतो. फोटोला निदान नाव तरी द्या: ‘भौतिक_प्रकाश_शंका’. ‘आयएमजी ४४७१’ परीक्षेच्या आदल्या रात्री कुणालाच सापडत नाही.

सहा जीबीत अशी दहा लाखांहून जास्त पानं रोज उतरवता येतील. नोट्सला यातलं चिमूटभरही लागत नाही. उरलेलं कुठे जातं, हे यावलच्या आईबापांना विचारावं लागत नाही. क्रिकेटचा सामना असला की पलीकडच्या खोलीतून ऐकू येतं.