बाटली क्रमांक ५३-एन

प्लेग म्हटला की मराठी माणसाला १८९७ सालचे पुणे आठवते. रँडची तपासणी-पथके, रस्त्यावर काढलेले सामानसुमान आणि २२ जूनची गणेशखिंडीतली रात्र. त्याच साथीच्या इतिहासात आणखी एक प्रकरण आहे. ते परळच्या एका प्रयोगशाळेशी निगडित आहे आणि पंजाबातल्या एका खेड्यात १९ माणसांच्या मृत्यूने ते उजेडात आले. मी परभणीत बरीच वर्षे औषधनिर्माणशास्त्र शिकवले. टोचायचे औषध निर्जंतुक कसे करतात हे सांगायची वेळ आली, की यंत्रांच्या आकृत्या काढण्याआधी मी विद्यार्थ्यांना हे प्रकरण सांगत असे. इंजेक्शनच्या शुद्धतेविषयीचे जवळजवळ सगळे प्रश्न त्या एका बाटलीत एकत्र आले आहेत.

वाल्डेमार हाफकिन हा ओडेसात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याने कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९३पासून ती हिंदुस्थानात टोचायला सुरुवात केली. १८९६च्या ऑक्टोबरात प्लेगमुळे त्याला मुंबईला बोलावले गेले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्याने काम सुरू केले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी नवी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. १८९९मध्ये परळचे जुने गव्हर्न्मेंट हाउस त्याच्या प्रयोगशाळेला मिळाले. आज आपण जिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो, तीच ही जागा. हे नाव तिला १९२५मध्ये मिळाले.

लस करण्याची रीत मोठी मनोरंजक होती. बोकडाच्या मांसापासून केलेल्या रसात प्लेगचे जिवाणू वाढवायचे आणि वर तुपाचे थेंब सोडायचे. तुपाच्या तवंगाला धरून जिवाणूंची वाढ लोंबकळत खाली उतरे, एखाद्या गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखी. काही आठवड्यांनी तो रस ६५ ते ७० अंश सेल्सियसला तासभर तापवायचा. प्लेगचा जिवाणू मरे, पण शरीराला ओळख पटण्यापुरते त्याचे अंश शिल्लक राहत. जास्त तापवले तर लसच निकामी होण्याची भीती. अखेरीस सुरक्षितता म्हणून त्यात थोडे कार्बॉलिक आम्ल मिसळत.

१९०२मध्ये पंजाबात प्लेगने कहर केला आणि लाखो मात्रांची मागणी आली. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिनने रीत बदलली. त्या बदलात कार्बॉलिक आम्ल वगळले गेले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी गुजरात जिल्ह्यातल्या (हा पंजाबातला गुजरात; आज तो पाकिस्तानात आहे) मलकोवाल गावी पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली गेली. आठवड्याभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. हे १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटलीवर क्रमांक होता ५३-एन.

आता धनुर्वाताच्या जिवाणूचा स्वभाव पाहू. तो मातीत आणि शेणात असतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती कठीण कवच तयार करून बीजाणूच्या रूपात पडून राहतो. बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतो, मग ७० अंशांची काय कथा! जनावरांना होणाऱ्या फऱ्या रोगाचा जिवाणू याचाच भाऊबंद. परभणी जिल्ह्यात पावसाळ्यापूर्वी गुरांना घटसर्पाबरोबर फऱ्याची लस टोचतात, कारण त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. तेव्हा हाफकिनच्या तापवण्याने प्लेग मरत होता, पण चुकून शिरलेला धनुर्वात मरणार नव्हता. लस सुरक्षित राहायची तर तो बाटलीत शिरताच कामा नये; सारी भिस्त त्यावर होती.

बीजाणूला मारायचे तर उकळण्याच्या पुढे जावे लागते. लहानपणी मी गावच्या दवाखान्यात कंपाउंडर काचेची सिरिंज आणि सुया स्टोव्हवर पाण्यात उकळताना पाहिले आहे. त्याने बरेच जंतू मरत, सगळे मरत नसत. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांवर जात नाही. वाफ कोंडली, दाब वाढवला, तर जाते. आपला स्वयंपाकघरातला कुकर याच तत्त्वावर चालतो. पाश्चरचा सहकारी चार्ल्स शांबरलां याने १८७९मध्ये प्रयोगशाळेसाठी केलेले ऑटोक्लेव्ह हा त्याच कुळातला. १५ पौंड दाब, १२१ अंश, १५ मिनिटे, हे माप आजही पाठ्यपुस्तकात आहे. कोरड्या हवेपेक्षा वाफ अधिक मारक असते, कारण थंड वस्तूला लागताच तिचे पाणी होते आणि त्या क्षणी तिच्यातली सारी सुप्त उष्णता वस्तूला मिळते.

मात्र जंतू एका फटक्यात मरत नाहीत. ठरावीक वेळात दहापैकी नऊ मरतात, पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्यांच्या दहापैकी नऊ. सुरुवातीला बाटलीत दहा लाख बीजाणू असतील, तर अशा सहा टप्प्यांनंतर सरासरी एक उरेल. सुरुवातीला शंभरच असतील, तर तेवढ्याच टप्प्यांनंतर दहा हजार बाटल्यांत मिळून एक उरेल. गणिताने शून्य कधीच येत नाही. म्हणून आजचे औषधशास्त्र ‘निर्जंतुक’ या शब्दाची व्याख्या शक्यतेच्या भाषेत करते: दहा लाख बाटल्यांमागे जिवंत जंतू असलेली बाटली फार तर एक. आणि म्हणूनच वाफेकडे जाण्याआधी द्रावण गाळून घेतात. शत्रू आधीच कमी केले की उष्णतेचे काम हलके होते.

काही औषधांना उष्णता सोसतच नाही. इन्शुलिन, पुष्कळशा लशी, प्रथिनांची बनलेली औषधे तापवली तर ती नासतात. त्यांच्यासाठी गाळणी हाच निर्जंतुकीकरणाचा मार्ग. पहिली कामाची गाळणी शांबरलांचीच, १८८४ सालची, झिलई न दिलेल्या चिनी मातीची. आज पातळ पडदे वापरतात. त्यांच्या छिद्रांचे माप ०.२२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे सुमारे साडेचार हजार भाग केले तर त्यांतला एक. पूर्वी ०.४५ मायक्रॉनचा पडदा पुरेसा मानत; पण त्यातून पार होणारे लहान जिवाणू आढळले आणि माप बदलावे लागले. गाळून झाल्यावर पडदा फाटलेला नव्हता ना, हेही तपासतात. ओल्या पडद्यावर हवेचा दाब वाढवत नेतात. धड पडद्यातून बुडबुडे यायला बराच दाब लागतो. लवकर आले तर तो घाणा बाजूला ठेवतात.

गाळणीलाही मर्यादा आहेत. बहुतेक विषाणू तिच्यातून सहज निसटतात. तंबाखूच्या पानांचा रोग पसरवणारे काहीतरी शांबरलांच्या गाळणीतून पार होते, हे इवानोव्स्कीने १८९२मध्ये दाखवले, आणि विषाणूंची ओळख तिथूनच सुरू झाली. दुसरी मर्यादा मेलेल्या जंतूंची. सलाईन लावल्यावर तासाभरात हुडहुडी भरून ताप आला, अशी तक्रार आमच्या भागात जुन्या माणसांकडून ऐकायला मिळते. अशा तापाची कारणे अनेक असतात, पण त्यांतले एक अमेरिकेतल्या फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी १९२३मध्ये शोधून काढले. ऊर्ध्वपातित पाणी नंतर जंतूविरहित केले तरी ताप येत असे, कारण त्यात आधी वाढून मेलेल्या जिवाणूंच्या कवचाचे अंश राहत. याला अंतर्विष म्हणतात. ते ऑटोक्लेव्हच्या वाफेने पुरते नष्ट होत नाही, ०.२२च्या पडद्यात अडकत नाही. रिकाम्या काचेच्या बाटलीतून ते घालवायचे तर कोरड्या भट्टीत २५० अंशांना अर्धा तास ठेवावे लागते. औषध तसे भाजता येत नाही. म्हणून पाण्यात जंतू वाढूच द्यायचे नाहीत, हा एकच उपाय उरतो. कारखान्यात इंजेक्शनचे पाणी साठवताना ते ७० अंशांच्या वर, सतत फिरते ठेवतात ते याचसाठी.

मग विद्यार्थी विचारत, एवढे सगळे कशाला? तयार बाटल्या तपासून घ्याव्यात, झाले. उत्तरादाखल मी फळ्यावर हिशेब मांडत असे. एका घाण्यातल्या शंभरातली एक बाटली दूषित आहे असे धरू. नेहमीच्या रीतीप्रमाणे २० बाटल्या काढून १४ दिवस तपासल्या. त्या वीसांत एकही दूषित न सापडण्याची शक्यता किती? शंभरात ८२. म्हणजे दूषित घाणा पाचपैकी चार वेळा परीक्षेत उत्तीर्ण होणार. सगळ्याच तपासाव्यात, तर तपासलेली बाटली रुग्णाला देता येत नाही.

हा हिशेब इंग्लंडमध्ये १९७२ साली प्रत्यक्षात उतरला. डेव्हनपोर्टच्या रुग्णालयात ग्लुकोजच्या बाटल्या चढवल्यावर रुग्ण दगावले. चौकशीत दिसले, की ऑटोक्लेव्हमध्ये हवा अडकून राहिली होती आणि खालच्या फळीवरच्या बाटल्यांना पुरेशी उष्णता मिळालीच नव्हती. तापमान नोंदवणारे उपकरण खरे सांगत होते. उपकरणच बिघडले असेल, असे समजून तिकडे दुर्लक्ष झाले. नमुन्याची तपासणी मात्र निर्दोष निघाली होती. तेव्हापासून भर बदलला: बाटलीपेक्षा तिच्यावर झालेल्या प्रत्येक क्रियेची नोंद तपासायची, आणि नोंद चुकली तर बाटली कितीही नितळ दिसो, ती बाद.

मलकोवालला अशी नोंद पुरेशी नव्हती, म्हणून वाद माणसांवर गेला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने निष्कर्ष काढला, की बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळलाच दूषित झाली असावी. कार्बॉलिक आम्ल वगळणे हा नाहक पत्करलेला धोका होता. हाफकिनला प्रयोगशाळा सोडावी लागली. परंतु साक्षीत आणखी एक गोष्ट आली होती. बाटलीचे बूच काढायचा चिमटा त्या दिवशी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला होता. बाटली उघडताना तिला कसलाही वास येत नव्हता. धनुर्वाताचे जंतू आत कित्येक आठवडे वाढत असते, तर ती घाण मारली असती. मलेरियासाठी नोबेल मिळवलेले रॉनल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी जुलै १९०७मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून हे मुद्दे मांडले. त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिनवरचा ठपका दूर झाला आणि तो कलकत्त्याला परतला. पाच वर्षे मात्र गेली होती.

मला या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की दोन्ही बाजूंच्या मुद्द्यांत तथ्य होते. चिमटा दोषी असला, तरी एका चुकीने सारे कोसळावे इतकी ती रीत नाजूक होती, हे आयोगाचे म्हणणे खोटे ठरत नाही. आणि परळची प्रयोगशाळा कितीही चोख असली, तरी शेवटचा हात गावातल्या मदतनिसाचाच होता.

तो शेवटचा हात आजही आपल्या आसपास आहे. कारखान्यातून आलेली बाटली दहा लाखांत एकाच्या हिशेबात बसत असेल. पण बूच टोचले की तो हिशेब संपतो आणि आपला सुरू होतो. पाणी मिसळून तयार केलेली गोवराची लस चार तासांनंतर फेकायची असते, कारण तिच्यात जंतू रोखणारे द्रव्य नसते. उरली म्हणून संध्याकाळपर्यंत ठेवणे ही काटकसर नव्हे. गोठ्यात एकाच सुईने दहा जनावरे टोचली, तर लस कितीही शुद्ध असली तरी रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. कापूस वेचून थकलेली बाई ‘तरतरी येते’ म्हणून सलाईन मागते. खाता-पिता येणाऱ्या माणसाला बहुधा त्याची गरज नसते. पोटातले आम्ल, आतड्याचे अस्तर, यकृत ही शरीराची स्वतःची गाळणी. शिरेत सुई जाते तेव्हा आपण ती सगळी ओलांडून जातो.

डोळ्यांना दिसेल अशी निर्जंतुकता नसते. सुई आपल्यासमोर पाकिटातून निघाली का, बाटली आधीच उघडलेली आहे का, कधी उघडली, आणि खाली पडलेली वस्तू पुन्हा वापरली जात नाही ना, एवढे विचारायला पदवी लागत नाही. विचारणाऱ्याकडे आमच्या भागात अजून जरा वाकडे पाहतात. तरी विचारावे.