उन्हाळ्यातले पाहुणे आणि घरचे गोडधोड

चैत्र-वैशाखात आपल्या शिरूर-दौंडकडच्या गावांत एस.टी. थांबली की एक-दोन तरी लेकी पिशव्या आणि पोरे घेऊन उतरतात. गावोगावच्या यात्रा याच दिवसांत. लग्नाच्या तिथी याच दिवसांत. मग आखिती येते, शाळेला सुट्टी पडते. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली माणसे गावाकडे निघतात. कोणी दौंड जंक्शनला गाडीतून उतरतो, कोणी रांजणगावावरून शिरूरला येतो. घर भरून जाते. एरवी जिथे पाच माणसे जेवतात, तिथे वीस-पंचवीस पाने पडतात.

पाहुणा आला आणि त्याच्या ताटात गोड पडले नाही, तर घरच्या बाईला चैन पडत नाही. ही आपली रीत चांगलीच आहे. पण एक अडचण आहे. आपले हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो. आणि दुधाच्या पक्वान्नाचे व उन्हाचे जुने वैर आहे. दुपारची बासुंदी रात्री वाढली आणि पहाटे निम्मे घर उलट्या-जुलाबांनी हैराण झाले, असे उन्हाळ्यात घडते. मग लोक म्हणतात, "कुणाची तरी नजर लागली." नजर वगैरे काही नसते. काय होते ते आम्ही सांगतो.

दुधात, पाण्यात, आपल्या हातावर डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात. त्यांना जंतू म्हणतात. सगळे जंतू वाईट नसतात. दुधाचे दही करणारे तेही जंतूच. पण काही जंतू रोग करणारे असतात. त्यांना ऊब, ओलावा आणि खाणे मिळाले की ते भराभर वाढतात. दूध आणि साखर म्हणजे त्यांना पंगतच. उन्हाळ्यात काही जंतू वीस-वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. आता हिशेब करून पाहा. तासाला तीन वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे आठ. दोन तासांत ६४. तीन तासांत ५१२. चार तासांत ४०९६. एका जंतूची ही गोष्ट. भांड्यात एकच पडतो असे थोडेच आहे!

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. काही जंतू अन्नात विष सोडतात. ज्याच्या हाताला गळू आहे किंवा चिघळलेली जखम आहे, त्याच्या हातून असले जंतू अन्नात जातात. असे अन्न पुन्हा उकळले तर जंतू मरतात, पण त्यांनी सोडलेले विष मरत नाही. ते तसेच राहते. म्हणून "राहू द्या, एक कढ आणली की झालं" हे म्हणणे चुकीचे आहे. वासावरून किंवा चवीवरून ते कळेलच असेही नाही. हाताला जखम असलेल्या माणसाने त्या दिवशी दुधाच्या पदार्थाला हात लावू नये. त्याने पाने मांडावीत, पाणी भरावे, दुसरे काही करावे. आणि दुधाचे शिजवलेले अन्न उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. ऊन फार कडक असेल तर एक तासच. बासुंदी करायचीच असेल तर पाने पडण्याच्या वेळेला उतरेल अशी करावी आणि तेव्हाच संपवावी. बाजारातला खवा मे महिन्यात आणूच नये, असे आमचे मत आहे. तो किती तास उन्हात होता हे आपल्याला कोण सांगणार?

मग पाहुण्यांना करावे काय? आमच्या मते उन्हाळ्यात श्रीखंडासारखे दुसरे पक्वान्न नाही. त्याचे कारण आहे. दही आंबट असते आणि श्रीखंडात साखर भरपूर असते. आंबटपणा आणि साखर ही दोन्ही वाईट जंतूंना वाढू देत नाहीत. म्हणून ते बासुंदीपेक्षा जास्त टिकते. पण जास्त टिकते म्हणजे कितीही टिकते असे नव्हे. फ्रीज नसेल तर सकाळी फेटावे आणि दुपारी संपवावे.

पंचवीस माणसांचा अंदाज असा. माणशी १०० ग्रॅम धरले तर अडीच किलो श्रीखंड लागते. म्हशीच्या एक लिटर चांगल्या दुधाचा साधारण ३०० ग्रॅम चक्का पडतो. दूध पातळ असेल तर कमी पडतो. म्हणजे चार लिटर दुधाचा सव्वा किलोच्या आसपास चक्का झाला. त्यात तितकीच साखर. झाले अडीच किलो. दूध आदल्या दिवशी सकाळी चांगले उकळावे. कोमट झाले की विरजण लावावे. थंडीत लावतो त्याच्या निम्मेच विरजण उन्हाळ्यात लावावे, नाहीतर दही आंबट ढाण होते. दुपारी दही लागले की ते थंड जागी ठेवावे. सायंकाळी स्वच्छ धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या पंच्यात बांधून टांगावे. खाली पातेले ठेवावे. फ्रीज असेल तर चाळणीत घालून आत ठेवावे. नसेल तर जिथून वारा जातो अशा जागी टांगावे, आणि मांजराचा बंदोबस्त करावा. सकाळी चक्का घट्ट झालेला असतो. त्यात साखर घालून तास-दीड तास ठेवावे. साखर विरघळली की पुरणयंत्रातून काढावे. पुरणयंत्र नसेल तर पातेल्याच्या तोंडाला फडके घट्ट बांधून त्यावर घासावे. वेलदोडा आणि जायफळ शेवटी घालावे. जायफळ बेताने. पोरांना जास्त जायफळ बरे नाही.

पातेल्यात जे हिरवट पाणी गळते ते मोरीत ओतू नये. त्यात दुधाचे सत्त्व असते. ते त्याच दिवशी कणीक भिजवायला किंवा आमटीला वापरावे. आंबटपणा आमटीला चालतो.

भांड्याविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. दही, ताक, आमरस, चिंच हे आंबट पदार्थ पितळेच्या किंवा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात ठेवले की कळकतात. म्हणजे धातूचा अंश अन्नात उतरतो, अन्नाला हिरवट रंग आणि तुरट चव येते, आणि खाणाऱ्याला मळमळते. पूर्वी कल्हईवाला गावात यायचा; भाता मारून नवसागराचा धूर काढायचा. आता तो क्वचितच दिसतो. घरोघर स्टीलची भांडी आली आहेत, हे चांगले झाले. पण लग्नकार्यात मोठी पातेली भाड्याने आणतात. ती पितळी असली तर आत कल्हई आहे की नाही हे दिवसाउजेडी पाहून घ्यावे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यातही आंबट पदार्थ रात्रभर ठेवू नये.

आता आमरस. आखितीला पाण्याने भरलेली मातीची केळी पुजून पितरांना आंब्याचा रस दाखवायचा, आणि मगच घरात आंबा खायचा, अशी रीत पुष्कळ घरांत आहे. रसाला पायरी चांगला. बांधावरचा रायवळ आंबाही काही कमी नाही. त्याला धागा असतो एवढेच. रस गाळून घेतला की झाले. आंबे तास-दोन तास गार पाण्यात टाकावेत. देठाचा चीक निघून जातो. हा चीक ओठाला लागला की पोरांना फोड येतात. घरचे आंबे गवतात किंवा पेंढ्यात अढी घालून पिकवावेत. काही व्यापारी कार्बाइडची पूड ठेवून आंबा पिकवतात. कायद्याने त्याला बंदी आहे, कारण त्या पुडीत विषारी अंश असतात. साल सगळीकडे एकसारखी पिवळी, पण वास नाही आणि आत आंबट, असा आंबा दिसला की संशय घ्यावा.

रस वाढवण्यासाठी त्यात पाणी किंवा बर्फ घालतात. आमचा याला विरोध आहे. एक तर रसाची चव जाते. दुसरे म्हणजे रस आपण शिजवत नाही, त्यामुळे त्या पाण्यात जे काही असेल ते थेट पोटात जाते. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेलेल्या असतात, कुठे टँकरचे पाणी असते. ते उकळून गार केल्याशिवाय कच्च्या पदार्थात घालू नये. बर्फाचेही तेच. मासळी आणि माल थंड ठेवण्यासाठी जो बर्फ करतात तो खाण्याचा नसतो. दोन्ही बर्फ ओळखू यावेत म्हणून २०१८ साली न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम झाला. निळा बर्फ दिसला तर तो तोंडात घालायचा नाही, हे पोरांनाही सांगून ठेवावे. पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर झाकण हवे, आणि पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे हवे. पंचवीस माणसांचे हात पिंपात बुडाले, की पाणी कितीही उकळलेले असो, उपयोग नाही.

इतकी काळजी घेऊनही कोणाला जुलाब-उलट्या लागल्या तर घाबरू नये, पण वेळही दवडू नये. अशा वेळी माणूस दगावतो तो अंगातले पाणी गेल्यामुळे. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ मोजूनच घालावे, जास्त नको. हे पाणी घोट-घोट पाजत राहावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजावे. अंगावर पिणाऱ्या मुलाचे दूध तोडू नये. आशाताईंकडे यासाठी पुड्या मिळतात, त्या आधीच घरात आणून ठेवाव्यात. लेकरू मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी होईना, तर तसेच आरोग्य केंद्रात न्यावे. १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते.

आपल्याकडे गुळालाही तोटा नाही. दौंड तालुक्यात केडगाव, यवत या बाजूला गुऱ्हाळे पुष्कळ. उन्हाळ्यात घरी केलेल्या शेवया असतातच. मग शेवयांची गुळातली खीर का करू नये? बाया म्हणतात, "गूळ घातला की दूध फाटतं, गुरुजी." खरे आहे. गुळात थोडा आंबटपणा असतो. उकळत्या दुधात तो पडला की दूध फाटते. उपाय सोपा आहे. शेवया तुपावर भाजून दुधात शिजवाव्यात. पातेले खाली उतरवावे. बोट सोसेल इतके निवले की मग किसलेला गूळ घालून ढवळावे. नंतर पुन्हा चुलीवर ठेवू नये. दूध थोडे असेल तर शेवया पाण्यात शिजवून गूळ घालावा आणि दूध वाढताना वरून द्यावे. वाढपाच्या वेळेला करायची ही खीर पंधरा-वीस मिनिटांत होते, स्वस्त पडते, आणि कोणाच्या उधारीच्या वहीत नाव चढत नाही. पाहुण्यांसाठी कर्ज काढून मिठाई आणणारी घरे आम्ही पाहिली आहेत. पाहुणे चार दिवसांनी जातात, हप्ते दिवाळीपर्यंत राहतात.

एक गोष्ट पुरुषमंडळींना सांगायची आहे. लेक माहेरी येते ती चार दिवस विसाव्याला. पण घरात पंचवीस माणसे झाली की तीही चुलीपुढे बसते, आणि आई व भावजय तर पहाटेपासून बसलेल्याच असतात. ओसरीवर आपण पान खात बसायचे आणि आतून घामाघूम बाईने चहा आणून द्यायचा, हे शोभत नाही. चक्का फेटायला दंडात जोर लागतो. तो कुणाच्या दंडात आहे? पाणी उकळणे, आंबे धुणे, रस काढणे यालाही मिशांची अडचण होत नाही.

आणि पोरांना घेऊन करायचे पुरुषांचे खास काम म्हणजे पॉटचे आइस्क्रीम. जुने लाकडी बादलीचे यंत्र अजून काही घरांत आहे, काही ठिकाणी भाड्याने मिळते. दूध आधी उकळून थोडे आटवावे, साखर घालावी, पूर्ण गार करावे. हवा तर शेवटी आंब्याचा रस घालावा. हे मिश्रण आतल्या डब्यात ओतावे. डबा पाऊण भरावा, कारण थिजताना ते फुगते. बादलीत डब्याभोवती फोडलेला बर्फ आणि जाडे मीठ थराथराने भरावे. बर्फाची चार मापे, तर मिठाचे एक माप.

मीठ कशाला? बर्फ वितळतो शून्य अंशाला. पण तेवढ्या थंडीत गोड दूध थिजत नाही, त्याला जास्त थंडी लागते. बर्फावर मीठ टाकले की बर्फ लवकर वितळू लागतो, आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूने ओढून घेतो. त्यामुळे ते खारे पाणी शून्याच्याही खाली, दहा-बारा अंशांपर्यंत उतरते. डब्यातल्या दुधातली उष्णता बाहेर खेचली जाते आणि दूध थिजते. दांडा सारखा फिरवत राहावा. थांबलात तर दुधात बर्फाचे मोठे खडे धरतात आणि आइस्क्रीम दाताखाली करकरते. अर्ध्या तासात दांडा जड लागू लागला की झाले म्हणायचे. झाकण काढण्याआधी वरचे खारे पाणी पुसून घ्यावे, नाहीतर एक थेंब आत गेला तरी सगळा डबा खारट. आणि बादलीतले उरलेले पाणी अंगणातल्या लिंबाच्या किंवा शेवग्याच्या मुळाशी ओतू नये. मिठाने झाड जळते. ते लांब, जिथे काही उगवत नाही अशा खडकाळ जागी नेऊन टाकावे.