फ्लॅश किती ताकदीचा घ्यावा?

कार्ल्याच्या चैत्यगृहाचं छत सुमारे १४ मीटर उंच आहे. त्यावरच्या प्राचीन लाकडी कमानी फोटोत टिपायच्या, तर कॅमेऱ्यावर बसवायचा फ्लॅश पुरेल का?

उत्तर खोक्यावर छापलेल्या 'गाइड नंबर'मध्ये असतं. आयएसओ १०० धरून दिलेल्या या आकड्याला लेन्सच्या एफ-आकड्यानं भागलं, की प्रकाश किती मीटर पोचेल ते कळतं. गाइड नंबर ४० आणि एफ/४ असेल, तर १० मीटर. म्हणजे छत अंधारातच. आयएसओ ४०० केला, तर हीच पोच दुप्पट होते, म्हणजे छतापर्यंत जाते. अंतर दुप्पट झालं की प्रकाश मात्र चौथाईवर येतो, त्यामुळे जवळचं फार उजळतं आणि दूरचं अंधुक राहतं. म्हणून अशा ठिकाणी ट्रायपॉड आणि लांब एक्स्पोजर हाच खरा उपाय, तोही तिथले नियम विचारून.

फ्लॅशचं मोल कळतं घरगुती समारंभात. डोकं वर आणि बाजूला वळणारा फ्लॅश पांढऱ्या छतावर मारला, की चेहऱ्यावर मऊ उजेड पसरतो. त्यामुळे खरेदीत पहिली अट फिरत्या डोक्याची. दुसरी, टीटीएल, म्हणजे लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅशचा जोर आपोआप ठरवणारं तंत्र, आपल्याच कॅमेऱ्याच्या कंपनीशी जुळणारं हवं. कॅननसाठीचं निकॉनवर चालत नाही.

लोणावळ्याच्या धुक्यात मात्र समोरून मारलेला फ्लॅश फोटोत पांढरा पडदाच उभा करतो.

आणि राजमाचीला, पावसाच्या तोंडावर काजवे बघायला जाणाऱ्यांनी फ्लॅश बंदच ठेवावा. काजवे जोडीदाराला उजेडानंच साद घालतात. आपल्या झोतानं ती साद तुटते.