शोभेच्या संकरित माशांची ओळख व निवड

घरी काचेची टाकी ठेवून तीत शोभेचे मासे पाळण्याची हौस आता शहरापुरती राहिलेली नाही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, त्या काळी असे मासे पाहावयास खेड्यातील माणसास मुंबई गाठावी लागे. आज ते गावातील ओटीवरही आढळतात. त्यांपैकी महाग विकले जाणारे फ्लॉवरहॉर्न व ब्लड पॅरट हे मासे सिक्लिड कुळातील संकर होत.

हे कूळ शेतकऱ्यास अगदीच परके नाही. १९५२ साली भारतात आणलेली चिलापी याच कुळातील, आणि मचूळ पाण्यातील आपली काळुंदरही याच कुळातील. रोहू अथवा कटला यांच्या शेजारी चिलापी ठेवून पाहिल्यास फरक ध्यानी येतो. रोहूच्या तोंडावर प्रत्येक बाजूस नाकपुडीची दोन छिद्रे असतात, चिलापीच्या एकच. रोहूच्या कुशीवरील रेघ सलग जाते, तर चिलापीची मध्येच तुटून खालच्या अंगास पुन्हा सुरू होते. पाठीवरील पराचा पुढील भाग काटेरी असतो, हे तर हाताला लागलेच की कळते.

फ्लॉवरहॉर्न १९९० च्या दशकात मलेशियात पुढे आला. कपाळावरील उंचवटा व कुशीवरील काळ्या ठिपक्यांची ओळ ही त्याची खूण. ब्लड पॅरट तैवानचा. त्याचे तोंड पोपटाच्या चोचीसारखे असून पुरते मिटत नाही. त्याचे नर बहुधा वांझ असतात, म्हणून मादीने अंडी घातली तरी पिलांची आशा धरू नये.

बोटभर पिलाचा उंचवटा पुढे किती वाढेल हे खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी जादा पैसे मोजणे हा एक प्रकारचा जुगारच होय. लहान पिलू फारच भडक रंगाचे असल्यास ते रंग चढविण्याच्या औषधावर वाढविलेले असू शकते. काही ब्लड पॅरटना तर सुईने रंग टोचतात, व तो पुढे फिका पडतो. विक्रेत्यास आपल्यासमोर खाद्य टाकावयास सांगावे. निरोगी मासा झडप घालतो. पोट खपाटीस गेलेला, डोक्यावर खळगे पडलेला किंवा पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारा मासा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

फ्लॉवरहॉर्न सुमारे ३० सेंटिमीटर वाढतो, दहा वर्षे जगू शकतो व सोबत्यास मारतो. त्यास एकट्यासच निदान २०० लिटरची टाकी लागते. पाणी २७ ते ३० अंश सेल्सिअस असावे. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे.

मासा मोठा झाला की टाकी अपुरी पडते, आणि मग तो नदीत सोडण्याचा मोह होतो. नागोठण्याहून वाहणारी अंबा नदी पुढे धरमतरच्या खाडीस मिळते. जुलै १९८९ च्या पुरात तिने केलेला संहार या खोऱ्यातील लोक विसरलेले नाहीत. अशा खोऱ्यात अंगणातील हौदही पावसाळ्यात सुरक्षित मानता येत नाही. मलेशिया व सिंगापूर येथील उघड्या जलाशयांत फ्लॉवरहॉर्न पसरला आहे, आणि चिलापी एकदा तळ्यात शिरल्यावर वर्षातून अनेक वेळा वीण होऊन तळे खुरट्या माशांनी कसे भरते, हे शेततळ्याच्या मालकांस ठाऊक आहे. फ्लॉवरहॉर्न तर लहान मासेही खातो. नको झालेला मासा दुकानदारास परत द्यावा अथवा दुसऱ्या पाळणाऱ्याच्या हवाली करावा; तो परत घेईल की नाही, हे खरेदीच्या वेळीच विचारून ठेवावे.