पूर्वेला डोंगर, बाकी सगळं गणित

बोगोतात कुणाला रस्ता विचारला, तर तो आधी मान वळवून डोंगर शोधतो. अँडीजची एक हिरवी रांग शहराच्या पूर्व कडेने उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत उभी आहे आणि दोन इमारतींच्या फटीतून ती बहुतेक ठिकाणी दिसते. डोंगर उजव्या हाताला असेल तर तुम्ही उत्तरेला निघालात, डाव्या हाताला असेल तर दक्षिणेला. कोलंबियाच्या या जवळपास ऐंशी लाखांच्या राजधानीत नवख्याला मिळणारा पहिला सल्ला एवढाच, आणि तो फोनच्या नकाशाहून बरा, कारण भर रस्त्यात फोन हातात धरून उभं राहू नये हा इथला दुसरा सल्ला आहे.

डोंगराला समांतर धावतात ते रस्ते ‘कारेरा’. डोंगराच्या पायथ्याशी सुरू होऊन पश्चिमेला सपाटीवर जाणारे आडवे रस्ते ‘काये’. काही मोठ्या रस्त्यांना नावंही आहेत, पण कामाला येतात ते आकडे. कारेरांचे आकडे डोंगरापासून पश्चिमेकडे वाढत जातात, कायेंचे उत्तरेकडे. आता खरी गंमत पाहा. सुवर्ण संग्रहालयाचा पत्ता आहे कारेरा ६, क्रमांक १५-८८. म्हणजे सहाव्या कारेरावर या, पंधराव्या कायेचा कोपरा गाठा, तिथून ८८ मीटर चाला. सम आकडे रस्त्याच्या एका बाजूला, विषम दुसऱ्या, त्यामुळे कुठल्या हाताला बघायचं तेही पत्त्यातच आलं. मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीसमोर अशा पत्त्यांवर वाढलेल्या माणसाला हे जादूसारखं वाटतं. ज्या घरी कधी गेलो नाही, ते किती दूर आहे याचा हिशेब खोलीत बसून मांडता येतो!

अर्थात शहर इतकं शहाणं कधीच नसतं. तिरका गेलेला काये ‘दियागोनाल’ होतो, तिरकी कारेरा ‘त्रान्सवेर्साल’, आणि ते जिथे एकमेकांत घुसतात तिथे मुरलेला टॅक्सीवालाही गोंधळतो. शिवाय पहिल्या कायेच्या दक्षिणेला आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात, फक्त मागे ‘सूर’, म्हणजे दक्षिण, लागतं. हा शब्द सांगायचा राहिला की माणूस शहराच्या भलत्याच टोकाला उतरतो.

त्या एका शब्दाने उत्पन्नाचाही अंदाज येतो. ढोबळमानाने उत्तर श्रीमंत, दक्षिण गरीब. सरकारने घरांची एक ते सहा अशी प्रतवारी केली आहे. पाच आणि सहा प्रतीची घरं वीज-पाण्याचं बिल जास्त भरतात, त्यातून खालच्या प्रतींना सवलत मिळते. हेतू चांगला, पण माणसं एकमेकांची ओळखही त्याच आकड्याने करून देऊ लागली. म्हणून पाहुण्याने फक्त उत्तरेकडच्या कॅफेंत बसून परत जाऊ नये. दक्षिणेला सिउदाद बोलिव्हार नावाची वस्ती डोंगरउतारावर चढत गेलेली आहे आणि २०१८ पासून तिथे सार्वजनिक वाहतुकीचा रोपवे चालतो. खाली ट्रान्समिलेनियोच्या बसमधून उतरायचं आणि पाळण्यात बसून विटांच्या घरांवरून वर जायचं. ट्रान्समिलेनियो म्हणजे २००० साली सुरू झालेली, स्वतंत्र मार्गिकेतून धावणारी बससेवा. पुणेकरांना बीआरटी समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे मार्गिका खरोखर बसचीच असते. गर्दी मात्र अशी की खिशावरचा हात काढू नये.

पहिल्या दिवशी काही पाहू नका, असंही इथले लोक सांगतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,६४० मीटरवर आहे. हवेचा दाब किनाऱ्यावरच्या दाबाच्या तीन चतुर्थांशच उरतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायूही तितकाच कमी, आणि जिना चढताना छाती धपापते. पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळू लागतं, त्यामुळे उघड्या भांड्यातले बटाटे शिजायला वेळ घेतात. विषुववृत्त जवळ असल्याने वर्षभर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. उन्हाळा-हिवाळा असा भेदच नाही. त्याऐवजी चारही ऋतू एका दिवसात येऊन जातात. सकाळी ऊन चटका देतं, दुपारी पाऊस, रात्री स्वेटर. ३,१५२ मीटर उंचीच्या मॉन्सेराते डोंगरावर फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने जाता येतं. ती १९२९ पासून चालू आहे. जायचं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणि सकाळीच जा, कारण दुपारनंतर ढग खाली येतात.

त्या ढगांवरच हे शहर जगतं. डोंगररांगेपलीकडे चिंगासा नावाचा ‘पारामो’ आहे, म्हणजे वृक्षांच्या हद्दीच्या वरचं, कायम धुक्यात भिजलेलं गवताळ रान. ओरिनोको आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यांतून आलेली दमट हवा इथे चढते आणि थंड होते. फ्रायलेहोन नावाच्या झाडांच्या लोकरी पानांवर धुक्याचे थेंब जमतात आणि मुळाशी मुरतात. हे झाड वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं, तेव्हा पुरुषभर उंचीचं झाड दिसलं की त्याचं वय मनातल्या मनात मोजून पाहा. चिंगासाचं पाणी खरं तर पूर्वेला ओरिनोकोकडे जाणारं. ते धरणात अडवून बोगद्यांतून डोंगराखालून शहरात आणलंय, आणि बोगोताचं बहुतेक पिण्याचं पाणी तेच. वापरून झालं की ते पश्चिमेला बोगोता नदीतून माग्दालेनाला मिळतं आणि कॅरिबियन समुद्रात जातं. घोटभर पाणी पिताना आपण एका महानदीचं पाणी दुसरीत ओततोय, हे इथल्या किती जणांच्या ध्यानात असेल? २०२४ च्या एप्रिलमध्ये धरण आटलं, शहराचे विभाग पाडून आळीपाळीने दिवसभर नळ बंद ठेवावे लागले, तेव्हा सगळ्यांना चिंगासा पाठ झालं. दुसरा पारामो, सुमापास, तर राजधानीच्याच हद्दीत आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या प्रशासकीय क्षेत्राचा जवळजवळ निम्मा भाग म्हणजे धुकं, गवत आणि बटाट्याची शेतं.

रविवार मात्र शहरासाठी राखून ठेवा. सकाळी सात ते दुपारी दोन १२० किलोमीटरहून जास्त रस्ते मोटारींना बंद असतात. १९७४ साली सुरू झालेली ही ‘सिक्लोविया’ आजही दर रविवारी भरते. सातव्या कारेरावर सायकली, स्केट, बाबागाड्या, साखळीला बांधलेली कुत्री, आणि मधेच रसाची गाडी: लुलो, मारकुया, सीताफळाच्या कुळातलं ग्वानाबाना. सुवर्ण संग्रहालयही रविवारी फुकट असतं. १९६९ साली पास्काच्या गुहेत शेतकऱ्यांना सापडलेला मुइस्का लोकांचा सोन्याचा तराफा तिथे बघा. वीतभरसुद्धा नाही, पण मेणाच्या नमुन्यावरून ओतलेली त्यावरची माणसं नाकाडोळ्यांसकट ओळखू येतात. सोन्याची भुकटी अंगाला फासून सरोवरात अर्पणं सोडणाऱ्या मुखियाचा विधी त्यात दिसतो, असं मानतात. एल दोरादोची दंतकथा त्याच विधीतून निघाली आणि तिच्यामागे युरोपातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या धावत राहिली.

दोन वाजता मोटारी परत येतात, तेव्हा अहियाको मागवा. कोंबडी, मक्याचं कणीस आणि तीन जातींचे बटाटे घातलेलं दाट सूप, वरून साय आणि केपरच्या आंबट कळ्या. पिवळा क्रिओया बटाटा विरघळून रस दाट करतो, साबानेरा फोडींच्या रूपात टिकतो, पास्तुसा दोन्हींच्या मधला. पण चव येते ती ‘ग्वास्कास’ या सुकवलेल्या पाल्याने. तो नसेल तर बोगोताकर त्याला अहियाको म्हणायला तयार होत नाही. ही अँडीजची रानवनस्पती आता जगभर पसरली आहे. भारतातल्या थंड डोंगराळ भागांतही ती उगवते आणि शेतकरी तिला तण म्हणून उपटून टाकतात.