ओळखीचं भांडवल : चला शिवारफेरीला



वार्षिक सर्वसाधारण सभेला आपण सारे एकाच मंडपात बसतो. अहवाल वाचला जातो, हात वर होतात, जेवण उरकतं आणि जो तो आपापल्या गावची वाट धरतो. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या सभासदाचं गाव कोणतं, त्याच्या उसाला फुटवे कसे आहेत, हे विचारायचं मात्र राहूनच जातं. शेअरचा दाखला दोघांच्याही घरात आहे, पण ओळख नाही. ही उणीव लहान नाही, असं आम्हांस वाटतं.

कुडव्यासारख्या गावी ती अधिक जाणवते. गोंदिया शहराला लागलेलं हे गाव. आपला मुलूख धानाचा, राइस मिलांचा. ऊस मधूनच कुठे तरी, ज्याच्याकडे पाण्याची सोय आहे त्याच्याच बांधीत. कोल्हापूरकडे बांधाला बांध लावून ऊस उभा असतो. एकानं नवी लागण केली की शेजाऱ्याला ती दिसतेच. इथे एका ऊसवाल्याला दुसरा ऊसवाला शोधावा लागतो. जे तिकडे आपोआप घडतं, ते आपल्याला ठरवून घडवावं लागेल.

कारखाना आधी ओळखीवर उभा राहिला

विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेचा कारखाना उभारला, तेव्हा ते शेअर गोळा करायला गावोगाव हिंडले. धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष म्हणून पाठीशी होते. १९५०-५१ साली तिथे पहिला गळीत हंगाम झाला. पैसा कुठून आला? ओसरीवर बसून, माणसं ओळखून, विश्वास देऊन-घेऊन. यंत्रं नंतर आली. विदर्भात त्यानंतर कित्येक सहकारी कारखाने निघाले. बरेच बंद पडले, काही विकले गेले. कारणं पुष्कळ होती. पण सभासदांची आपसांत गाठभेट नसली, तर कारखाना हातातून निसटतो आहे हे कळायलाही उशीर होतो.

शहरातले उद्योजक काय करतात?

माधवराव भिडे या रेल्वेतून निवृत्त झालेल्या अभियंत्यांनी २००० साली मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब सुरू केला. रीत साधी. ठराविक दिवशी भेटायचं, आपला धंदा काय ते सांगायचं आणि एकमेकांना गिऱ्हाईक जोडून द्यायचं.

कोणी म्हणेल, "भाऊ, ते उद्योजक, आपण शेतकरी." आम्ही विचारतो, बेणं, खत, मजुरी, पाणी यांत पैसा घालून वर्षभर वाट पाहणारा माणूस उद्योजक नव्हे तर कोण? आपल्यातच कोणी रोपवाटिका चालवतो, कोणाचा ट्रॅक्टर भाड्यानं फिरतो, कोणाच्या घरची बाई पापड-लोणच्याचा गट चालवते. हे एकमेकांना ठाऊकच नसेल, तर आपल्याच सभासदाचं गिऱ्हाईक परगावी जाणार.

मात्र आपली बैठक हॉटेलात नको. ती बांधावर हवी. द्राक्ष बागायतदारांनी हे केव्हाच ओळखलं. एकमेकांच्या बागेत फिरून, चर्चा करून त्यांनी आपला धंदा वाढवला. २०२२ पासून पानी फाउंडेशनच्या फार्मर कपमध्ये गावोगावचे शेतकरी गट करून एकत्र शेती शिकत आहेत. आपल्याच जिल्ह्यात दर वर्षी सारस पक्ष्यांची गणना होते, तेव्हा स्वयंसेवक आणि शेतकरी पहाटे धानाच्या बांध्यांतून हिंडतात. पक्ष्यासाठी पहाटे उठणारी माणसं आपल्याकडे आहेत. उसासाठीही उठतील.

फेरीचा नफा

हुमणीचं उदाहरण घ्या. वळवाच्या पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी बाभळीवर, कडुनिंबावर जमतात. फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, हा सोपा उपाय. पण एकानं गोळा केले आणि शेजारी घरी बसला, तर मेहनत वाया. सगळ्यांनी मिळून चार संध्याकाळी फिरलं तरच उपयोग.

दुसरं तोडणीचं. ऊस तुटला की चोवीस तासांच्या आत गाळला जावा; उशीर झाला की वजन घटतं आणि साखरही उतरते. फड विखुरलेले असले की टोळीचा वेळ जाण्या-येण्यात जातो. आसपासच्या सभासदांनी लागणीच्या तारखा बोलून ठरवल्या, तर टोळी एका दमात भाग उरकते.

आणि तिसरं, सर्वांत मोलाचं. "माझ्या आधी त्याचा ऊस कसा गेला?" ही कुरकुर दर हंगामात पानठेल्यावर ऐकू येते. ज्यानं शेजाऱ्याचा फड स्वतः पाहिला आहे, त्याला कोणाची लागण आधीची हे ठाऊक असतं. मग संशयाला जागा राहत नाही. आणि खरोखर अन्याय झालाच असेल, तर तो एकट्यानं नव्हे, दहा जणांनी मिळून मांडता येतो.

फेरी कशी करावी?

दहा-पंधरा जणांचा गट पुरे. महिन्यातून एकदा, सकाळी, पाळीपाळीनं एकेकाच्या शेतात. भाषण नको, हारतुरे नकोत. ज्याचं शेत त्यानं आधी बोलावं : बेणं कुठलं, खत किती, खर्च काय आला. फसलेलं पीक लपवू नये. त्यातूनच इतरांना जास्त शिकायला मिळतं. घरच्या बाईलाही सोबत घ्यावं, कारण निंदणी-खुरपणीचा हिशेब तिच्याच तोंडी असतो. शाळा-कॉलेजात शिकलेल्या पोरांनी वहीत नोंद ठेवावी. शेवटी चहा, आणि पुढची फेरी कोणाकडे ते तिथेच ठरवावं.

याला कारखान्याचा ठराव लागत नाही, मंजुरी लागत नाही. कुडव्याच्या आसपासच्या चार-सहा सभासदांनी येत्या महिन्यात पहिलं पाऊल टाकावं, अशी आमची विनंती आहे. फेरीचा वृत्तांत आमच्याकडे धाडावा. तो या पानांवर अवश्य छापू.